जॉन म्यूर यांची बुडालेली दरी

सनीव्हेल, माउंटन व्ह्यू, मिलपिटास, हेवर्ड, फ्रीमाँट ही नावं आता पुण्या-नाशकातल्या घराघरांत पाठ झाली आहेत. कोणाची लेक इथे असते, कोणाचा भाचा, तर कोणाचा शाळेतला मित्र. उन्हाळ्यात आई-बाबा पहिल्यांदा येतात तेव्हा नळाचं पाणी तसंच प्यायचं की उकळून, हा प्रश्न हमखास निघतो. आपण जरा ऐटीतच सांगतो की बिनधास्त प्या, इथलं पाणी चांगलं आहे.

पण ते येतं कुठून, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असतं. सॅन फ्रान्सिस्को शहर आणि आजूबाजूची गावं मिळून सुमारे २७ लाख लोकांना पाणी देणारी जी यंत्रणा आहे, तिचं जवळजवळ ८५ टक्के पाणी योसेमिटी राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीतल्या एका धरणातून येतं. काही गावांना सगळं पाणी तिथलंच मिळतं, काहींना थोडं. दरीचं नाव हेच हेची, नदीचं टुओलमी आणि धरणाचं ओशॉनेसी.

राष्ट्रीय उद्यानात झाडाची फांदी तोडायला बंदी, आणि आत चक्क अख्खी दरी पाण्याखाली! हे कसं झालं? आणि शंभर वर्षांनंतर काही लोक हे धरण पाडा असं का म्हणतात? हे समजून घ्यायचं तर जॉन म्यूर यांची गोष्ट सुरुवातीपासून सांगावी लागेल. कॅलिफोर्नियात त्यांच्या नावाच्या शाळा आहेत, रस्ते आहेत, जंगलं आहेत. आपली मुलं शाळेत त्यांच्यावर प्रकल्प करतात. मग त्यांच्या आजी-आजोबांनाही हा माणूस ठाऊक असायला हवा.

जॉनचा जन्म २१ एप्रिल १८३८ ला स्कॉटलंडमधल्या डनबार या समुद्रकाठच्या गावी झाला. वडील डॅनियल म्यूर भयंकर कर्मठ. बायबलचे अध्यायच्या अध्याय पाठ करून घ्यायचे आणि चुकलं की छडी ठरलेली. अकराव्या वर्षापर्यंत नवा करार सगळा आणि जुना बराचसा पोराच्या तोंडी बसला होता. १८४९ मध्ये वडिलांनी गाव सोडलं आणि कुटुंब अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनला आलं. म्हणजे हा माणूसही आपल्यासारखाच समुद्र ओलांडून इथे आलेला. फरक एवढाच, की आपण शिकून आलो आणि त्याची शाळा इथे येऊन सुटली. जंगल तोडायचं, दगड वेचायचे, नांगर धरायचा, दिवसभर हेच काम.

दुसरं शेत घेतलं तिथे पाणी नव्हतं. वडिलांनी विहीर खणायचं काम जॉनवर सोपवलं. खाली वालुकाश्म होता आणि सुरुंग लावून जमेना, म्हणून हातोडा-छिन्नीने फोडायचा. रोज सकाळी पोराला बादलीत बसवून खाली सोडायचं, दुपारी जेवायला वर ओढायचं, पुन्हा खाली. असं महिनोन्‌महिने चाललं. सुमारे ८० फूट खोल गेल्यावर एका सकाळी तळाशी विषारी वायू साचलेला होता. जॉन खाली उतरला आणि त्याची शुद्ध हरपू लागली. कसाबसा बादलीत चढला म्हणून वाचला. एक-दोन दिवस विश्रांती, विहिरीतली हवा खेळती करायची युक्ती शेजाऱ्याने शिकवली, आणि पोराला पुन्हा खाली सोडलं. ९० फुटांवर पाणी लागलं.

हा प्रसंग मुद्दाम सांगितला. पुढे शहरातल्या लोकांनी म्यूर यांची अशी थट्टा केली की हा नुसता फुलापानांत रमणारा माणूस आहे, याला पाण्याची किंमत काय कळणार. पाण्यासाठी जीव जाता जाता वाचलेला माणूस होता तो.

हात कमालीचा कसबी होता. पहाटे एकला उठून तळघरात लाकडाची घड्याळं आणि यंत्रं बनवायचा. ठरल्या वेळी झोपणाऱ्याला उभं करणारी खाटही त्याने बनवली होती. १८६० मध्ये मॅडिसनच्या प्रदर्शनात ही यंत्रं मांडली आणि लोकांनी तोंडात बोटं घातली. त्या जोरावर विद्यापीठात शिरकाव झाला. वनस्पतिशास्त्र आणि भूगर्भशास्त्राची गोडी तिथेच लागली, पण पदवी न घेताच तो बाहेर पडला. कॅनडातल्या लाकडाच्या गिरणीत आणि नंतर इंडियानापोलिसला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात नोकरी केली. मालक खूश होते आणि बढती समोर दिसत होती. इंजिनिअर म्हणून आयुष्य छान मार्गी लागलं असतं.

मार्च १८६७ मध्ये कारखान्यात काम करताना हातातलं टोकदार हत्यार निसटलं आणि उजव्या डोळ्यात घुसलं. पाठोपाठ डाव्या डोळ्यालाही दिसेनासं झालं. कित्येक आठवडे अंधाऱ्या खोलीत पडून काढले. २८ वर्षांचा तरुण, आणि दृष्टी येईल की नाही याची खात्री नाही. ती आली. त्या अंधारात त्याने ठरवलं, की आता माणसाने केलेल्या यंत्रांपेक्षा देवाने केलेली सृष्टी बघण्यात उरलेलं आयुष्य घालवायचं. शरद ऋतूत तो केंटकीहून निघाला आणि सुमारे हजार मैल चालत फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर पोचला. तिथे मलेरियाने गाठलं. बरा झाल्यावर क्यूबा, न्यूयॉर्क, पनामा असा फिरत मार्च १८६८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला उतरला आणि चालतच योसेमिटीकडे निघाला.

इथून पुढे त्यांना म्यूर म्हणू या. पुढच्या उन्हाळ्यात ते मेंढरांबरोबर सिएरा नेवाडाच्या उंच कुरणांवर गेले. नंतर योसेमिटी दरीत लाकूड कापायची गिरणी उभारली आणि चालवली, तीही वादळात पडलेल्या झाडांवर. सुट्टी मिळाली की पाठीवर थोडा पाव आणि चहा बांधायचा आणि डोंगरात शिरायचं. ग्रॅनाइटवरचे ओरखडे बघत बघत त्यांनी ताडलं की ही दरी हिमनद्यांनी कोरलेली आहे. राज्याचे मुख्य भूगर्भतज्ज्ञ व्हिटनी यांचं मत वेगळं होतं. भूकंपासारख्या उत्पातात दरीचा तळच खाली बसला, असं त्यांचं म्हणणं. एका मेंढपाळाने आपल्याला शिकवावं हे काही त्यांना पटलं नाही. पण म्यूर यांना सिएरात जिवंत हिमनद्या सापडल्या आणि मुख्य मुद्द्यावर तेच बरोबर ठरले.

१८७१ मध्ये ते पहिल्यांदा हेच हेचीत उतरले. योसेमिटी दरीच्या वायव्येला, त्याच घडणीची पण लहान दरी. दोन्ही बाजूंना ग्रॅनाइटचे उभे कडे, वरून कोसळणारे धबधबे, तळाशी गवताची कुरणं आणि ओकची झाडं, मधून वाहणारी टुओलमी. नाव मिवोक लोकांच्या भाषेतलं, दाणे खाता येणाऱ्या एका गवतावरून पडलं असं मानतात. मिवोक आणि पायूट लोक पिढ्यान्‌पिढ्या या दरीत येत, दाणे आणि ओकची फळं गोळा करत.

इथे एक गोष्ट झाकून ठेवण्यासारखी नाही. योसेमिटीतून मूळ रहिवाशांना १८५१ मध्ये सशस्त्र तुकडीने हुसकावलं होतं. म्यूर ज्याला मनुष्यस्पर्श नसलेली भूमी समजत होते, तिथे माणसं राहत होती. तरुणपणी मूळ अमेरिकनांविषयी आणि काळ्या लोकांविषयी त्यांनी हिणकस शब्द लिहिले. पुढे अलास्कातल्या लोकांबरोबर राहिल्यावर त्यांची नजर बरीच बदलली, पण लिहिलेलं पुसलं गेलं नाही. त्यांनीच उभ्या केलेल्या सिएरा क्लबने २०२० मध्ये हे जाहीरपणे मान्य केलं.

१८८० मध्ये म्यूर यांनी लुई स्ट्रेंट्झेल यांच्याशी लग्न केलं आणि मार्टिनेझला सासऱ्यांच्या फळबागा सांभाळल्या. वांडा आणि हेलन या दोन मुली झाल्या. द्राक्षं आणि नासपती पिकवून, घासाघीस करून विकून त्यांनी चांगला पैसा गाठीला बांधला. तेव्हा हा संन्यासी नव्हता, हिशेबी बागायतदार होता. पण डोंगर सुटला की तब्येत बिघडायची. पत्नीला ते कळत होतं. तिनेच बागेचा व्याप कमी करून त्यांना पुन्हा लिहायला आणि फिरायला मोकळं केलं.

१८८९ मध्ये न्यूयॉर्कच्या एका मासिकाचे संपादक रॉबर्ट अंडरवुड जॉन्सन यांच्याबरोबर ते टुओलमीच्या कुरणात मुक्कामाला होते. मेंढरांनी कुरणं पार खरवडून टाकली होती. शेकोटीपाशी ठरलं की म्यूर यांनी लेख लिहायचे आणि जॉन्सननी वॉशिंग्टनमध्ये खटपट करायची. १ ऑक्टोबर १८९० ला योसेमिटी राष्ट्रीय उद्यानाचा कायदा झाला आणि हेच हेची त्याच्या हद्दीत आली. १८९२ मध्ये सिएरा क्लब स्थापन झाला. म्यूर पहिले अध्यक्ष झाले आणि मरेपर्यंत तेच अध्यक्ष राहिले. १९०३ च्या मे महिन्यात खुद्द राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट लवाजमा मागे ठेवून त्यांच्याबरोबर तीन रात्री योसेमिटीत उघड्यावर झोपले. एका रात्री बर्फ पडलं तरी गडी खूश होता. त्यानंतर म्यूर जगप्रवासाला निघाले आणि हिमालय बघायला हिंदुस्थानातही येऊन गेले.

सगळं असं मनासारखं चाललेलं असताना पाण्याचा प्रश्न उभा राहिला.

सॅन फ्रान्सिस्को तिन्ही बाजूंनी पाण्याने वेढलेलं, पण प्यायला पाणी नाही अशी अवस्था. पुरवठा एका खाजगी कंपनीच्या हातात होता. दर जास्त, लोक वैतागलेले. शहराचं स्वतःचं पाणी असावं ही मागणी रास्तच होती. महापौर जेम्स फेलन यांनी १९०१ मध्ये हेच हेचीच्या पाण्यावर हक्क सांगितला. जागा इंजिनिअरच्या स्वप्नातली होती. अरुंद तोंड, भक्कम ग्रॅनाइट, मागे सपाट तळ, बर्फाचं स्वच्छ पाणी. उंचीही अशी की पंप न लावता पाणी शहरापर्यंत उताराने यावं. शिवाय जमीन सरकारी, म्हणजे ती विकत घ्यायचा खर्च नाही. पहिल्यांदा केंद्र सरकारने नकार दिला.

मग १८ एप्रिल १९०६ ची पहाट आली. भूकंप झाला आणि त्यामागून तीन दिवस आग. सुमारे ३,००० माणसं गेली, २८,००० हून जास्त इमारती जळाल्या. नळ कोरडे पडल्यामुळे आग विझवता आली नाही, हे सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं. वास्तविक शहराखालच्या जलवाहिन्या भूकंपात फुटल्या होत्या. साठ्यात पाणी होतं, ते नळापर्यंत पोचेना. पण राखेत बसलेल्या माणसाला हा फरक कोण समजावणार? १९०८ मध्ये रूझवेल्ट यांच्याच सरकारातल्या गृहखात्याने हेच हेचीला परवानगी दिली. तंबूतल्या मैत्रीचा तिथे उपयोग झाला नाही. सरकारी वनखात्याचे प्रमुख गिफर्ड पिंशो हेही एकेकाळचे स्नेही, आता धरणाच्या बाजूने उभे राहिले. निसर्गाचा जास्तीत जास्त माणसांना उपयोग व्हावा, असं ते मानत. काही जागा कुठल्याही उपयोगासाठी राखायच्या नसतात, त्या तशाच राहू द्यायच्या, असं म्यूर मानत. वाईट दोघेही नव्हते, म्हणून तर हे भांडण इतकं कडवट झालं. सिएरा क्लबमध्येसुद्धा फूट पडली. सॅन फ्रान्सिस्कोत राहणाऱ्या काही सभासदांना धरण हवं होतं.

म्यूर यांचं नेमकं म्हणणं काय होतं, हे नीट लक्षात ठेवायला हवं. शहराला पाणी देऊ नका, असं ते कधीच म्हणाले नाहीत. पाणी द्या, पण सिएरात दुसरे प्रवाह आहेत, धरणाला दुसऱ्या जागा आहेत. त्या महाग पडतील, पण राष्ट्रीय उद्यान सगळ्या देशाचं आहे, ते एका शहराला स्वस्त पडतं म्हणून देऊन टाकू नका, एवढाच त्यांचा मुद्दा होता. सहा-सात वर्षं त्यांनी लेख लिहिले, पत्रकं काढली, देशभरातून खासदारांवर पत्रांचा पाऊस पाडला. १९०५ मध्ये पत्नी गेली होती, खोकला पाठ सोडत नव्हता, पुस्तकं अर्धवट पडली होती. १९१३ मध्ये वुड्रो विल्सन राष्ट्राध्यक्ष झाले आणि त्यांचे गृहमंत्री झाले फ्रँकलिन लेन, पूर्वी सॅन फ्रान्सिस्को शहराचेच वकील. डिसेंबरमध्ये सिनेटमध्ये ४३ विरुद्ध २५ मतांनी रेकर कायदा मंजूर झाला आणि १९ डिसेंबर १९१३ ला विल्सननी सही केली.

म्यूर यांचं वय तेव्हा ७५. वर्षभराने, २४ डिसेंबर १९१४ ला, लॉस एंजेलिसच्या रुग्णालयात न्यूमोनियाने ते गेले. धरण त्यांनी पाहिलं नाही. ते १९२३ मध्ये बांधून झालं, १९३८ पर्यंत आणखी उंच केलं. पाणी बे एरियात पोचलं ऑक्टोबर १९३४ मध्ये. ज्यांचं नाव धरणाला दिलं ते शहराचे इंजिनिअर मायकेल ओशॉनेसी त्याच्या थोडेच दिवस आधी वारले. म्हणजे धरणासाठी आयुष्य घालवलेल्या माणसालाही ते पाणी दिसलं नाही.

मराठी माणसाला इथे मुळशी आठवल्याशिवाय राहत नाही. १९२१ मध्ये सेनापती बापट मावळ्यांना घेऊन मुळशीच्या धरणाविरुद्ध उभे राहिले, तेव्हा इकडे हेच हेचीचं बांधकाम चालू होतं. तिकडे मुंबईला वीज हवी होती, इकडे सॅन फ्रान्सिस्कोला पाणी. तिकडे नांगरती शेतं आणि नांदती गावं बुडाली. इकडे जी दरी बुडाली, तिथल्या माणसांची दखल भांडणाऱ्या दोन्ही बाजूंनी फारशी घेतली नाही.

म्यूर यांचा पराभव पुढे कामाला आला, हेही खरं. १९१६ मध्ये राष्ट्रीय उद्यान सेवा स्थापन झाली, त्यामागे हेच हेचीचा धडा होता. १९५० च्या दशकात कोलोरॅडो-युटाच्या सीमेवरच्या डायनोसॉर संरक्षित क्षेत्रात धरण येऊ घातलं, तेव्हा सिएरा क्लबने हेच हेचीचं उदाहरण दाखवून ते रोखलं.

आता धरण पाडायच्या प्रश्नाकडे येऊ. भारतात ही कल्पना ऐकली की लोक हसतात. बांधलेलं धरण कोणी पाडतं का? पण अमेरिकेत आजवर दोन हजारांहून जास्त छोटी-मोठी धरणं काढून टाकली आहेत. मेनमधल्या केनेबेक नदीवरचं एडवर्ड्‌स धरण १८३७ चं, म्हणजे म्यूर यांच्या जन्माच्याही आधीचं. ते मालकाच्या इच्छेविरुद्ध सरकारी आदेशाने १९९९ मध्ये पाडलं आणि समुद्रातून नदीत येणारे मासे पुन्हा वर आले.

वॉशिंग्टन राज्यात एल्वा नदीवर दोन धरणं होती. त्यातलं एक चक्क ऑलिंपिक राष्ट्रीय उद्यानाच्या आत. माशांना वर चढायला वाट ठेवलेली नव्हती, त्यामुळे शंभर वर्षं सॅमन मासे भिंतीखालीच अडकले. आणि सॅमन म्हणजे क्लालम लोकांचं अन्न आणि संस्कृतीही. २०११ ते २०१४ या काळात दोन्ही धरणं टप्प्याटप्प्याने काढली. मागे साठलेला सुमारे दोन कोटी घनमीटर गाळ मोकळा झाला. सुरुवातीला नदी चिखलासारखी वाहिली. पोर्ट एंजेलिस शहराच्या पाण्यासाठी आधी शुद्धीकरणाची सोय बांधावी लागली. एकूण खर्च ३० कोटी डॉलरच्या वर गेला. पण मुखाशी नवा किनारा तयार झाला आणि सॅमन पुन्हा वर जाऊ लागले. कॅलिफोर्निया-ऑरेगनच्या सीमेवर क्लॅमथ नदीवरची चार धरणं २०२३-२४ मध्ये गेली. त्याच शरद ऋतूत सॅमन जुन्या भिंतींच्या वर जाऊन अंडी घालताना दिसले. मात्र तिथे तळ्याकाठी घरं घेतलेल्या लोकांचं तळंच गेलं. त्यांचं नुकसान खोटं नाही.

पण बारकाईने बघितलं तर या सगळ्या धरणांत एक साम्य दिसतं. ती मोठ्या शहराची तहान भागवत नव्हती. थोडी वीज देत होती, आणि त्यांना नवा परवाना मिळवायचा तर माशांसाठी सोय करायचा खर्च पाडण्यापेक्षा जास्त होता. हिशेबच पाडण्याच्या बाजूने होता.

हेच हेचीचा हिशेब तसा नाही. त्यात साठा आहे सुमारे ३,६०,००० एकर-फूट. आपल्या ओळखीच्या मापात पावणेसोळा टीएमसी, म्हणजे पानशेतच्या जवळजवळ दीडपट. पाणी इतकं स्वच्छ, की जंतू मारायची प्रक्रिया पुरते, गाळावं लागत नाही. १६० हून जास्त मैल ते उताराने येतं आणि वाटेत वीजही देतं. धरण पाडलं तर गाळण्याची मोठी केंद्रं बांधावी लागतील, वीज कमी होईल आणि दुष्काळात हाताशी असलेला साठा जाईल. सिएरावरचं बर्फ हाच इथला नैसर्गिक साठा, आणि हवामान तापत चाललंय तसं ते भरवशाचं राहिलेलं नाही. माशांचा मुद्दाही इथे लागू होत नाही. खाली ला ग्रेंज आणि डॉन पेद्रो ही दोन धरणं आहेतच, त्यामुळे हेच हेची पाडलं तरी सॅमन वर येणार नाहीत.

दुसरी बाजूही वजनदार आहे. खालचं डॉन पेद्रो धरण १९७१ चं, हेच हेचीच्या पाच पटींहून मोठं. म्यूर यांच्या वेळी ते नव्हतं. टुओलमीचं पाणी वर न अडवता खाली अडवावं, असं पाडण्याच्या बाजूचे लोक म्हणतात. आसपासचा डोंगर ग्रॅनाइटचा असल्यामुळे जलाशयात गाळ फारसा नाही, म्हणजे एल्वासारखा चिखलाचा पूर येणार नाही. कड्यांवरची पाण्याची पांढरी खूण काही वर्षांत पुसट होईल, गवत लवकर येईल, झाडांना मात्र काही पिढ्या लागतील. आणि गर्दीने गुदमरलेल्या योसेमिटी दरीला एक धाकटी बहीण परत मिळेल. आज शहर या अख्ख्या दरीचं भाडं केंद्र सरकारला वर्षाला फक्त ३०,००० डॉलर देतं. सनीव्हेलमध्ये एवढ्यात बऱ्याशा फ्लॅटचं वर्षाचं भाडंही निघत नाही!

१९८७ मध्ये रेगन सरकारचे गृहमंत्री डोनाल्ड होडेल यांनी धरण काढायची कल्पना मांडली. महापौर डायॅन फाइनस्टाइन यांनी ती उडवून लावली. २००६ मध्ये राज्याच्या जलखात्याने खर्चाचा अंदाज ३ ते १० अब्ज डॉलर दिला. २०१२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत मतदान झालं, तेही पाडायचं का यावर नव्हे. पाडलं तर पर्याय काय, याचा आराखडा करायचा का, एवढ्यावर. ७७ टक्के लोक नाही म्हणाले. कोर्टातही यश आलं नाही.

या मतदानाचं मला वाईट वाटतं ते वेगळ्या कारणासाठी. पाणी पिणाऱ्या २७ लाखांपैकी दोन-तृतीयांश लोक शहराबाहेरचे, आपल्यासारखे. त्यांना मत नव्हतं. उद्यान साऱ्या देशाचं, त्या देशालाही मत नव्हतं. आणि आराखडाच नको म्हणणं म्हणजे म्यूर यांच्या प्रश्नाचं उत्तर न देणं. त्यांनी १९१३ मध्ये विचारलं होतं, की दुसरीकडून आणता येईल का? आजही प्रश्न तोच आहे. डॉन पेद्रोचं पाणी मोडेस्टो आणि टरलॉकच्या शेतकऱ्यांच्या हक्काचं आहे, त्यांच्याशी करार होईल का? गाळणीचा खर्च कोण भरेल, पाणीपट्टी किती वाढेल, आणि ती भाड्याच्या खोलीत चौघांत राहणाऱ्या माणसाला झेपेल का? आकडे समोर आल्याशिवाय हो म्हणणं जितकं भाबडं, तितकंच नाही म्हणणं आळशीपणाचं.

माझं मत विचाराल तर आज हे धरण पाडू नये. जे धरण काम करेनासं झालं, ते पाडायला हरकत नसावी. जे लाखो घरांना पाणी देतं, त्याच्याबाबतीत आधी पर्याय उभा राहिला पाहिजे, भिंत नंतर. पण पर्याय शोधायचाच नाही, हे मला मान्य नाही. पाणी जपून वापरून, वापरलेलं पाणी पुन्हा शुद्ध करून, खालचे साठे वाढवून गरज कमी करता आली, तर म्यूर यांचा दावा पुन्हा ऐकायला काही हरकत नाही. पुढच्या वेळी मतदान झालं तर ते निदान पाणी पिणाऱ्या सगळ्यांचं असावं.

यंदा घरचे आले की योसेमिटीला जालच. एक दिवस जास्त ठेवा. एव्हरग्रीन रोडने हेच हेचीच्या फाटकातून आत जा. रस्ता दिवसाच उघडा असतो, वेळ बघून निघा. गर्दी जवळजवळ नसते. धरणावरून चालत जा, बोगदा ओलांडा आणि वापामा धबधब्याकडे जाणारी पायवाट धरा. वसंतात किंवा उन्हाळ्याच्या सुरुवातीला गेलात तर दोन धबधबे कड्यावरून थेट जलाशयात पडताना दिसतील. पाण्यात उतरायला आणि होडी घालायला मनाई आहे, प्यायचं पाणी आहे म्हणून. येताना वाट वाकडी करून मार्टिनेझला म्यूर यांचं घर बघा. ते आता राष्ट्रीय स्मारक आहे. माडीवरच्या खोलीत त्यांचं लिहायचं टेबल ठेवलंय. हेच हेचीसाठीचे कित्येक कागद त्यांनी या घरात बसून लिहिले.